मधल्या खोलीतली पोकळी

जो कोणत्याही आकारात मावत नाही आणि ज्याच्यावाचून कोणताही आकार उभा राहत नाही, त्या निराकाराला प्रथम नमस्कार. ज्यांनी त्याला शब्दांत बसवण्याचा जन्मभर प्रयत्न केला आणि अखेरीस हात जोडून गप्प बसले, त्या संतांच्या पायांना नमस्कार. पुढे जे सांगतो आहे ते जसे घडले तसेच सांगतो आहे. अर्थ विचाराल, तर तो माझ्यापाशी नाही.

१

माझे काम जमिनीचे तुकडे करण्याचे. नांगराने नव्हे, संगणकासमोर बसून.

आमची कचेरी लहान आहे. ज्यांची दृष्टी गेली आहे अशा माणसांसाठी आम्ही त्यांच्या घराचे नकाशे करतो. कमरेला एक डबी, कानात एक बोळा. डबी नकाशा पाहते आणि कानात सांगते, ‘सरळ चला, आता डावीकडे, पुढे स्टूल आहे.’ परंतु डबीला खोली समजत नाही. तिला समजतो तो फक्त त्रिकोण. म्हणून कोनाड्यांची, खांबांची, कशीही वेडीवाकडी खोली असली तरी तिच्या जमिनीचे त्रिकोण पाडावे लागतात. मग माणूस या त्रिकोणातून त्या त्रिकोणात, असा घरभर सुखरूप जातो.

त्रिकोण पाडण्याची रीत साधी आहे. आकाराचा एखादा कोपरा असा असतो की तो कापून काढला तर कापलेल्या त्रिकोणात दुसरा कुठलाही बिंदू सापडत नाही. अशा कोपऱ्याला आमच्या धंद्यात कान म्हणतात. एक कान कापायचा, उरलेल्या आकारात पुन्हा कान शोधायचा. कापता कापता शेवटी एकच त्रिकोण हाती राहतो. आकार कितीही वाकडा असो, त्याला कान असतोच. हे सिद्ध झालेले आहे, आणि मला त्याचा नेहमी आधार वाटत आला.

या कामामुळे कचेरीत माझे नाव कानकापेकाका पडले. घरोघर जाऊन खोल्या मोजणारी आमची जी सहकारी आहे, तिला सगळे मोजणीबाई म्हणतात. ती सकाळी आत येतानाच विचारते, “काय काका, आज कोणाचे कान कापताय? तुमच्या तावडीतून ससासुद्धा सुटायचा नाही.”

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. आकाराचे बिंदू लिहिताना दिशेची शिस्त असते. कडेकडेने चालत गेल्यास जमीन सतत आपल्या डाव्या हाताला राहिली पाहिजे. म्हणून भिंतींची बाहेरची रेघ घड्याळाच्या उलट फिरते. पण खोलीच्या मधे खांब असेल, तर तेवढ्यापुरती जमीन नाही, ती पोकळी. तिच्या कडेने जमीन डावीकडे ठेवून चाललो, तर पोकळी उजव्या हाताला येते. म्हणजे प्रदक्षिणाच. तरुणपणी हे शिकलो तेव्हा मला फार गोड वाटले होते. जिथे आपला पाय शिरू शकत नाही, त्या जागेला देवासारखे उजव्या हाताला ठेवायचे.

२

माझ्या पत्नीची दृष्टी हळूहळू गेली. आधी अक्षरे, मग चेहरे, मग दिवस आणि रात्र. तिने त्याचा बाऊ केला नाही. “पाहायचं ते पाहून झालं,” ती म्हणाली, “आता तुमचं तोंड रोज बघायला नको, हा फायदाच.”

अडचण माझ्यामुळे आली. डॉक्टरांनी माझ्या छातीचे ऑपरेशन ठरवले आणि पुढे बरेच दिवस रुग्णालयात राहावे लागेल असे सांगितले. आमची मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिने फोनवर सरळच विचारले.

“बाबा, आई एकटी कशी राहील?”

“मी नकाशे करतो ते कोणासाठी? तिच्यासाठीही करीन.”

“करा. मी येऊन बघते. ती या घरात एकटी नीट चालली, तर राहू दे. नाहीतर मी तिला घेऊन जाणार आणि घराला कुलूप. मग रडायचं नाही, दोघांनीही.”

पत्नी शेजारी ऐकत होती. तिने भिंतीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. हे घर तिच्या हातांना पाठ होते. परक्या घरात ती वस्तूसारखी एका जागी बसून राहिली असती, हे तिला कळत होते आणि मलाही.

म्हणून मोजणीबाईने येऊन आमच्या मधल्या खोलीत मोजणीचे यंत्र बसवले. कपाटासमोरच्या भिंतीशी, घोट्याच्या उंचीवर. ते स्वतःभोवती एकदा फिरते, प्रकाश फेकते, आणि कुठवर जमीन मोकळी आहे ते टिपून घेते. घरात स्टूल हलते, चप्पल सरकते. म्हणून ते रोज सकाळी, मी कचेरीत पोचण्याच्या सुमारास, आपोआप फिरे आणि खोलीचा आकार माझ्या पडद्यावर येई. मी चहा घेत घेत तो पाही.

मधली खोली मोठी नाही. एका बाजूला स्वयंपाकघराचे दार, समोर खिडकी. खिडकीशी तिची खुर्ची. एक कपाट, एक छोटे टेबल. मधली जमीन पूर्ण मोकळी.

पहिल्या काही सकाळी आकार बरोबर आला. नंतर एका सकाळी त्यात एक पोकळी आली.

३

पोकळी लहान होती. टेबलाचे पाय, खुर्चीचे पाय, खुर्चीपुढे टेकलेली पत्नीची पावले, सगळे आपापल्या जागी होते. ही त्याशिवायची. मोकळ्या जमिनीच्या मधोमध.

मी मोजणीबाईला दाखवले. तिने मान वाकडी करून पाहिले. “माणूस आहे की हा. दोन पावलं जुळवून उभं राहिलं की अस्संच दिसतं. कामवाल्या बाई असतील.”

“त्या दुपारी येतात.”

“मग काकू.”

“ती खुर्चीत आहे. ही बघ तिची पावलं.”

“काका, मग आरसा. कपाटाला खालपर्यंत आरसा आहे ना? उजेड तिथून परततो आणि नसलेलं दाखवतो. शंभरदा पाहिलंय मी.”

ते पटण्यासारखे होते. मी घरी जाऊन आरशावर चादर टाकली. मधली जमीन हाताने चाचपली. फरशी थंड होती, इतर फरश्यांइतकीच. पंखा वर कुरकुरत होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मी तिथे उभा राहून नेहमीप्रमाणे मनात नाम घेतले, मग थोडे मोठ्याने घेतले. आमच्या त्या खोलीत आवाज किंचित घुमतो. त्या दिवशी घुमला नाही. घरात कापड वाढले की आवाज मरतो. चादर टाकली होतीच. मी स्वतःला तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी पोकळी तिथेच होती. मोजणीबाईने यंत्र बदलून दिले. नव्या यंत्रालाही ती दिसली. फक्त आता ती खुर्चीकडे थोडी सरकली होती, आणि तिची निमुळती बाजू, म्हणजे माणूस असता तर बोटांची बाजू, खुर्चीकडे होती.

“उंदीर असेल,” मोजणीबाई म्हणाली; पण या वेळी तिने माझ्याकडे न पाहता म्हटले.

४

सुट्टीच्या दिवशी मी पत्नीला डबी न लावता चालताना पाहिले. ती स्वयंपाकघरातून खुर्चीकडे निघाली. हात किंचित पुढे, पावले सरपटत. मधोमध आल्यावर ती डावीकडे वळली, एक अर्धवर्तुळ घेतले, आणि पुन्हा आपल्या रेषेवर आली. काहीतरी उजव्या हाताला ठेवून माणूस चालतो, तशी.

“अगं, तिथे काही नाही. सरळ ये की.”

ती थांबली. तिने मान माझ्या आवाजाकडे वळवली. मी दारात होतो. मग तिने मान मागे, जिथून ती वळसा घालून आली होती तिकडे वळवली, आणि तिच्या कपाळावर एक आठी पडून गेली.

“तुम्ही दारात आहात?”

“मग कुठे असणार?”

“नाही, म्हटलं… असे मधेच मुकाट उभे राहता ना तुम्ही हल्ली. रोज सकाळी. मी काही बोलत नाही. म्हातारपणी माणसाला येतो एकेक छंद.” ती हसली. “पण पायात येऊ नका हं. तुमच्या अंगावर पडले तर दोघांचीही हाडं गोळा करायला लागतील.”

“सकाळी मी कचेरीत असतो.”

“असता ना. जाऊन परत येता.”

“मी परत येत नाही.”

“बरं बाई, नाही येत,” ती म्हणाली. लहान मुलाचे खोटे मोठी माणसे ज्या सुरात मान्य करतात, त्या सुरात. मग तिने खुर्चीचा हात चाचपला आणि बसली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, “तुमच्या अंगाचा वास कळतो मला. इतक्या वर्षांनी तेवढं तरी कळतंच.”

मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी हातापायांना मुंग्या येऊन मग काहीच न कळावे, तसे काहीसे झाले. मी चहा टाकला. दोघांनी तो प्यायला.

५

पोकळी असलेल्या आकाराचे सरळ कान कापता येत नाहीत. आधी ती पोकळी बाहेरच्या भिंतीला जोडावी लागते. पोकळीच्या एका टोकापासून भिंतीच्या किंवा एखाद्या वस्तूच्या कोपऱ्यापर्यंत एक चीर पाडायची. त्या चिरेने आत जायचे, पोकळीला प्रदक्षिणा घालायची, आणि त्याच चिरेने परत यायचे. या चिरेला आम्ही पूल म्हणतो. तो कुठे बांधायचा हे संगणकातली आज्ञावली स्वतः ठरवते. एका ठरावीक दिशेला पाहते, समोर जो कोपरा दिसेल तो धरते.

आमच्या मधल्या खोलीतला पूल रोज खुर्चीच्या पायाला लागत असे. पोकळी कुठेही असो. त्यात नवल नव्हते. त्या दिशेला खुर्चीच होती. पण पूल दिवसेंदिवस आखूड होत चालला होता.

मुलगी यायची वेळ जवळ आली होती. नकाशात ती पोकळी राहिली असती, तर डबीने पत्नीला रोज मोकळ्या जमिनीत वळसा घालायला सांगितले असते. मुलीने विचारले असते, ‘बाबा, तिथे काय आहे?’ आणि मला उत्तर देता आले नसते. ज्या यंत्राला नसलेली वस्तू दिसते त्याच्या भरवशावर ती आईला सोडणार नव्हती. तिचे म्हणणे चूकही नव्हते.

आमच्या कामात एक नियम नेहमीचा आहे. मोजणीत धूळ येते, केस येतो, पडद्याची झालर हलते. त्यांच्या बारीक पोकळ्या तयार होतात. म्हणून अमुक मापाहून लहान पोकळी आली तर ती पुसून टाकावी आणि तिथे जमीन आहे असे समजावे, असे आज्ञावलीला सांगून ठेवलेले असते. ते माप बोटाच्या पेराएवढे असते. आमच्या मधल्या खोलीतल्या मोकळ्या जमिनीपुरते मी ते वाढवले. दोन जुळलेली पावले त्यात मावतील इतके.

मोजणीबाई मागे उभी होती. “काका, हे माप मोठं होतंय हो. उद्या खरंच कोणी उभं असलं तर तेही पुसलं जाईल.”

“आम्ही घरात दोघेच. तिची पावलं खुर्चीच्या पायांना जोडून येतात, ती पुसली जायची नाहीत.”

“आणि तुमची?”

“मी त्या वेळी घरात नसतो,” मी म्हणालो.

आज्ञावली चालवली. पोकळी गेली. मधली जमीन सलग झाली आणि तिचे स्वच्छ, मोठे त्रिकोण पडले.

६

मुलगी दुपारी आली. आल्या आल्या तिने आईला मिठी मारली, माझ्या पाया पडली, आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून म्हणाली, “चला, परीक्षा. आई, डबी लाव. स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन खिडकीपर्यंत यायचं. सांडलं तर नापास.”

“सासूसुद्धा बरी होती माझी,” पत्नी म्हणाली.

मी दारात उभा राहिलो. मुलगी खिडकीशी. पत्नी हातात पेला घेऊन निघाली. डबीचा बारीक आवाज मलाही ऐकू येत होता: सरळ चला. सरळ चला. ती चांगली चालत होती. पावले उचलून, जवळजवळ पूर्वीसारखी.

खुर्चीच्या अलीकडे ती थांबली.

सरळ चला, डबी म्हणाली.

पत्नीने पेला दोन्ही हातांत धरला. आणि अगदी हळू, संसारात हजारदा बोललेल्या आवाजात म्हणाली, “अहो, सरका ना जरा.”

मुलगी हसली. “आई, बाबा तिकडे दारात आहेत गं.”

“असतील,” पत्नी म्हणाली.

ती थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली. कोणीतरी पाय हलवीपर्यंत माणूस थांबतो, तेवढाच वेळ. त्या वेळात पंख्याचा आवाज मला ऐकू आला नाही. मग तिने मान हलवली, जणू कोणाला ‘बरं’ म्हटले, आणि सरळ चालत जाऊन खुर्चीत बसली. पेल्यातले पाणी हलले नव्हते.

“पास,” मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “बाबा, खरंच केलंत तुम्ही.”

७

ऑपरेशनच्या आधी एका सकाळी मी कचेरीत गेलो नाही. पत्नी खुर्चीत बसून नाम घेत होती. मी यंत्र हाताने चालू केले आणि स्वतः मधल्या मोकळ्या जमिनीवर जाऊन उभा राहिलो, दोन पावले जुळवून. यंत्र फिरले. मी टेबलाशी जाऊन, घरी आणलेल्या संगणकाच्या पडद्यावर पाहिले.

मी नव्हतो.

अर्थातच नव्हतो. मीच वाढवलेले माप मला गिळून बसले होते. मला हसू आले. मी तो नियमच काढून टाकला, पेराएवढासुद्धा ठेवला नाही, आणि पुन्हा जाऊन उभा राहिलो. यंत्र फिरले.

आता धुळीचे बारीक ठिपकेसुद्धा आले होते. टेबलाचे पाय होते. खुर्ची होती, पत्नीची पावले होती. मी उभा होतो तिथे सलग जमीन होती.

माणसाची पोकळी एकच होती. ती खुर्चीच्या शेजारी होती, तिच्या पावलांना लागून. इतकी लागून की पूल बांधायला जागाच उरली नव्हती.

यंत्र बिघडले असेल. मी स्टूल आणून त्याच जागी ठेवले. यंत्राने स्टुलाचे पाय अचूक टिपले. मग मी स्टुलावर बसून पाय पुढे टेकले. यंत्राने पुन्हा स्टुलाचे पाय टिपले, तेवढेच. माझे पाय जमिनीवर टेकलेले होते. मला फरशीचा गारवा लागत होता. मी खाली वाकून आपले घोटे दोन्ही हातांनी धरून पाहिले.

माणसाने देहाचा अभिमान सोडावा, असे मी आयुष्यभर वाचत आलो आणि इतरांना सांगत आलो. देह म्हणजे चार दिवसांचे वस्त्र. तेव्हा त्या सकाळी मला काहीतरी मोठे वाटायला हवे होते. तसे काही वाटले नाही. दात काढण्यापूर्वी सुई दिल्यावर ओठ जसा परका होतो, तसे सगळे अंग परके झाले होते.

“काय खुडबुड चाललीय?” पत्नीने विचारले. तिने विचारले ते खुर्चीच्या शेजारी मान वळवून. माझ्याकडे तिची पाठ झाली होती.

मी उत्तर दिले नाही. मला पाहायचे होते.

तिचे नाम थांबले होते. ती मान किंचित तिरपी करून ऐकत होती. आणि मग, उत्तर मिळाल्यासारखी, ती समाधानाने “हं” म्हणाली, आणि पुन्हा माळ ओढू लागली.

त्या दिवशी दुपारी मी मुलीला फोन केला. म्हटले, आईला तुझ्याकडेच ने. ती गोंधळली. “बाबा, तुम्हीच एवढा खटाटोप केलात ना? ती किती खुश आहे!” मी म्हटले, एकटी नको. फोन पत्नीने माझ्या हातातून घेतला. तिच्या बोटांना माझी बोटे लागली. तिची ऊबदार होती. “काही ऐकू नकोस यांचं,” ती मुलीला म्हणाली. “ऑपरेशनला घाबरलेत. मी माझ्या घरातून हलायची नाही. मला कसली आलीय भीती?”

खरेच तिला भीती नव्हती. बऱ्याच वर्षांत ती इतकी निवांत दिसली नव्हती.

८

ऑपरेशन नीट झाले, असे मला सांगण्यात आले. खोली पांढरी होती. शेजारचा पलंग रिकामा होता. परिचारिका येत, सुई टोचत, नाडी मोजत. त्यांना माझी नाडी सापडत असे. याचा मला दिलासा वाटायला हवा, हे मी लक्षात ठेवले होते.

पहिले काही दिवस मुलगी आईपाशी घरी राहिली. एका सकाळी तिचा फोन आला.

“बाबा, आवाज बरा वाटतोय. ऐका, आई इतकी छान चालते ना! डबीसुद्धा काढून ठेवलीय तिने. मला आज निघायला हरकत नाही ना? रजा संपली. तुम्ही नको म्हणालात तर थांबते.”

“तिला काही अडत नाही?”

“काहीच नाही. खुर्चीपाशी आली की थोडी वळून जाते, तेवढंच. तिथे काही नाहीये, पण वळते.” ती थांबली. मग हसली, पण ते हसू पूर्ण झाले नाही. “गंमत म्हणजे मीपण वळते आता. तिच्यामागून चालून चालून सवय लागली असेल. काल रात्री पंखा बंद करायला गेले तर पाय आपोआप… जाऊ दे. तुम्ही विश्रांती घ्या.”

“कोणत्या बाजूने वळतेस?”

“म्हणजे?”

“ती जागा कोणत्या हाताला ठेवतेस?”

 पलीकडे आमच्या घरातला नळ ठिबकत होता. “उजव्या,” ती म्हणाली. “का हो बाबा?”

मी काय सांगणार होतो? जे मला माहीत होते ते सारे एका वाक्यात मावत होते, आणि ते वाक्य ऐकून कोणी शहाणा माणूस माझे औषध वाढवण्यापलीकडे काही करणार नव्हता. मी म्हटले, “आईला फोन दे.”

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला.

“हॅलो,” पत्नी म्हणाली. तिचा आवाज मोकळा, आतिथ्याचा होता. बाहेरच्या माणसाशी बोलताना ती असा लावते.

“मी बोलतोय.”

“हो, बोला ना. कसं वाटतंय आता? जपा हं स्वतःला.”

“लेक आज निघते म्हणतेय. तिला थांबवू का? तू सांग. तू म्हणशील तर ती थांबेल, नाहीतर तुला घेऊन जाईल. अगं, तू फक्त हो म्हण.”

“अय्या, मी कशी सांगू?” ती म्हणाली. “थांबा हं एक मिनिट. ह्यांना विचारते.”

तिने फोन छातीशी धरला असावा. कारण मला तिच्या श्वासाचा आवाज आला, आणि लुगडे सरकल्याचा. मग तिचा आवाज, दुरून, ज्या आवाजाने तिने मला लग्नापासून हाक मारली त्या आवाजाने: “अहो…”

पुढचे शब्द कळले नाहीत. नंतर काहीच नव्हते. पंखा नाही, नळ नाही. उत्तर आले असले, तरी ते मला ऐकू येण्यासारखे नव्हते. मी कान फोनला घट्ट लावून बसलो. माझा स्वतःचा श्वासही मी धरला होता, किंवा तो त्या वेळी नव्हता.

फोन पुन्हा तिच्या तोंडाशी आला.

“हे म्हणतात, काही गरज नाही. आम्ही दोघं आहोत. तिला जाऊ दे तिच्या घरी.”

तिच्या आवाजात सुख होते. ते मी ओळखतो. घराबाहेर काढले जाण्याची भीती संपली की माणसाच्या आवाजाला जो सैलपणा येतो, तो होता. ज्यासाठी मी हे सगळे केले, ते तिला मिळाले होते.

“बरं,” मी म्हणालो.

“तुमच्याशी बोलून बरं वाटलं हो,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

*

ऐकणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. ज्या घरात ही कथा वाचली जाईल, त्या घराच्या भिंती भक्कम राहोत आणि जमीन सलग राहो. आंधळ्यांना वाट मिळो, आजाऱ्यांना झोप मिळो. कोणी आपल्या माणसाला हाक मारील, तर ओ देणारे त्याचे आपलेच माणूस असो. आणि जो घराबाहेर पडला असेल, त्याची जागा तो परत येईपर्यंत परमेश्वराने स्वतः राखावी. दुसऱ्या कोणाला राखायला देऊ नये.